स्प्लेंडरचे नवे टायर: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमची स्प्लेंडर 2004 सालची. इंजिन अजून पहिल्या किकला चालू होतं, त्यामुळे गाडी विकायचा विषय घरात निघत नाही. गेल्या मे महिन्यात दोन्ही टायर, ट्यूब आणि रिम टेप (तारांची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून रिमवर घालायची रबरी पट्टी) असं सगळंच बदललं. आता संक्रांत होऊन गेली. चिपळूणमधलं रोजचं जाणं-येणं, कुंभार्ली घाट चढून पाटणकडे गावाला जाणं आणि कोकणातला पूर्ण पावसाळा एवढं या टायरांवर झालं आहे. जुन्या शंभर सीसी गाडीला टायर घ्यायचा असेल तर कंपनीच्या नावावर डोकं शिणवण्याआधी माप आणि तारीख बघा, असं माझं ठाम मत झालं आहे. ते का, तेच सविस्तर लिहितो.

जुन्या टायरांची नक्षी अजून शिल्लक होती. खाचेत जी छोटी गाठ असते, टीडब्ल्यूआय (झिजेची मर्यादा) लिहिलेल्या खुणेसमोरची, तिच्यापर्यंत रबर झिजलेलं नव्हतं. दुचाकीला नियमाप्रमाणे किमान 0.8 मिलिमीटर नक्षी लागते, ती आरामात होती. पण टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, ते होते 2614, म्हणजे टायर बनला तो 2014 सालचा सव्विसावा आठवडा. रिमजवळ अंगठ्याने दाबलं की उन्हाळ्यातल्या भाताच्या खाचरासारख्या बारीक भेगा उघडायच्या. रबर कडक झालं होतं. कोरड्या रस्त्यावर ते लक्षात येत नाही. ओल्या डांबरावर मागचा ब्रेक जरासा दाबला तरी चाक लॉक होऊन घसपटत जायचं, आणि आपण ब्रेकच्या लायनरला दोष देत बसतो. या गाडीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. लायनर कितीही नवे असले तरी गाडी शेवटी टायरच थांबवतो.

दुकानात गेलं की पहिला सल्ला एकच: "मागे जाड टाका, गाडी भारी दिसते." मला तो पटत नाही. या मॉडेलला मूळ माप पुढे-मागे दोन्हीकडे 2.75-18, म्हणजे टायरची रुंदी 2.75 इंच आणि रिमचा व्यास 18 इंच. फरक ताकदीचा आहे: पुढे 4 पीआर, 42पी आणि मागे 6 पीआर, 48पी. यातला 42 म्हणजे 150 किलो आणि 48 म्हणजे 180 किलो वजन पेलायची क्षमता. पी हा वेगाचा, ताशी 150 किलोमीटर, जो या गाडीला कधीच लागणार नाही. पीआर म्हणजे आत कापडाचे तेवढेच थर असतात असं नाही, ते मजबुतीचं माप आहे. डबलसीट आणि वर तांदळाचं पोतं असा प्रवास असणाऱ्याने मागे 48 च्या खाली जाऊ नये. पुढचा 42 चा टायर स्वस्त मिळतो म्हणून मागे बसवलेला मी पाहिला आहे. तसं करू नका.

मूळ रिम अरुंद आहे. तिच्यावर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगीर राहतो, म्हणजे रस्त्याला टेकणारी पट्टी वाटते तेवढी वाढत नाही. वर चेनकव्हरजवळ जागा कमी होते, ॲव्हरेज पडतं आणि वळणावर गाडी वाकायला जड जाते. एक पायरी वरचं 3.00-18 मागे चालून जातं. चाकाचा व्यास साधारण 13 मिलिमीटरने वाढतो, म्हणजे दोनच टक्के, आणि स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येत असल्याने काटाही चुकत नाही. पण चढाला गिअर थोडा लांब पडतो. डबलसीट कुंभार्ली चढताना या गाडीकडे ताकद उरलेली नसते, तिथे ते दोन टक्केही जाणवतात. म्हणून मी मूळ मापावरच राहिलो.

दुसरा सल्ला ट्यूबलेसचा. तारांची रिम असेल तर तो विचार सोडून द्या. प्रत्येक तारेच्या निपलपाशी (तार रिमला आवळणाऱ्या नटपाशी) भोक आहे, हवा राहणार कुठून? ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून चालवता येतं, पण मग खिळा लागल्यावर हळूहळू हवा जाण्याचा फायदा मिळत नाही आणि जास्तीचे पैसे मात्र जातात.

मी मागे एमआरएफचा नायलोग्रिप प्लस घेतला आणि पुढे सरळ रेघांचा, ज्याला सगळे रिब म्हणतात तो. या मापात सिएट, टीव्हीएस, रालको यांचेही टायर मिळतात आणि त्यातला कुठलाही घेतला तरी खाली लिहिलेलं लागू आहे. आधी काढून दिलेला टायर तीन वर्षं पडून होता. तारीख वाचून दाखवल्यावर दुकानदाराने आतून चार महिन्यांपूर्वीचा आणून दिला, किंमत तीच. दोन टायर, दोन ट्यूब, टेप आणि मजुरी धरून साडेचार हजारांच्या आसपास खर्च आला.

ट्यूब बदलाच. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती फाटते. आमच्या रिमवरची रबरी टेप काढली तर तीन ठिकाणी तुटलेली, आत गंज, आणि दोन तारांची टोकं निपलच्या वर आलेली. पंक्चरवाल्याने ती कानशीने घासली, गंज खरवडला, रिम थोडी आउट होती ती तारा आवळून सरळ केली, मग नवी टेप घातली. या कामाला त्याने वेळ दिला, आणि गेल्या आठ महिन्यांत ट्यूब आतून घासून एकदाही पंक्चर झालेली नाही. झाले ते बाहेरून काटा-खिळा लागून.

टायर चढल्यावर स्वतः खाली बसून दोन गोष्टी बघा. टायरच्या कडेला, रिमच्या अगदी लगत, एक बारीक रेघ गोल फिरते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एखाद्या ठिकाणी ती आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, हवा सोडून, साबणाचं पाणी लावून परत भरायला सांगा, नाहीतर चाळीसच्या वर गाडी उड्या मारते. आणि व्हॉल्व सरळ हवा. तिरका असेल तर ट्यूब आत फिरलेली आहे.

आता चालवण्याचं. नव्या टायरवर कारखान्यातल्या साच्याचा निसरडा थर असतो, सुरुवातीचे शंभरेक किलोमीटर सांभाळूनच काढले. त्यानंतर पहिला मोठा पाऊस पडला तेव्हा फरक कळला. मागचा ब्रेक दाबल्यावर चाक घसरायच्या आधी गाडी खरोखर थांबायला लागते, हे मी कित्येक वर्षांत अनुभवलं नव्हतं. घाटात धुकं आणि वरून पाणी असताना पुढचा रिब एका रेषेत धावतो, हँडल हलत नाही. चौपदरीकरणाच्या कामामुळे महामार्गावर येणारा लाल चिखल मात्र रिबच्या खाचांत भरतो आणि मग तो साफ गुळगुळीत होतो. मागचा टायर त्या चिखलातून ढकलत नेतो, पुढचा भरकटतो. अशा ठिकाणी पुढचा ब्रेक दाबायचाच नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पुलाच्या लोखंडी सांध्यांवर दोन्ही टायर घसरतात, त्यावर या किमतीत इलाज नाही.

हवेबद्दल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच ठेवतो: पुढे 25, मागे एकट्याला 28, डबलसीट असेल तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वाढवून. हवा गाडी थंड असताना भरायची. पंपावर न विचारता दोन्हीकडे 35 मारतात, तेवढ्या हवेने पुढचं चाक खड्ड्यात आपटतं आणि ओल्यात पकड जाते. ॲव्हरेज लिटरला किलोमीटरभर कमी झालं असेल. ब्रेकमधला फरक बघता मला ते चालतं.

मागच्या टायरची मधली नक्षी अंदाजे एक चतुर्थांश गेली आहे, पुढचा जवळपास नवाच आहे. कडेवर भेग नाही. मागे परत हाच घेईन. पुढच्या चाकाला मात्र त्या वेळी रिबऐवजी तुटक ठोकळ्यांच्या नक्षीचा, 2.75-18 मध्येच, घालून बघायचा विचार आहे, कारण गावाकडच्या शेवटच्या टप्प्यावर डांबर नाही आणि जून ते सप्टेंबर तिथे फक्त चिखल असतो.