सातपुड्यातील मुक्कामासाठी हलका टार्प: पावसाळा ते शिमगा वापरल्यानंतरचा अनुभव

मृगाच्या तोंडावर घेतलेला, तीन मीटर लांब आणि तितकाच रुंद असा सिलिकॉनचा लेप दिलेल्या पॉलिएस्टरचा टार्प, म्हणजे दोऱ्या-खुंट्यांनी ताणून बांधायचे बिनतळाचे छप्पर, आता शिमगा जवळ आला तरी वापरात आहे. तोरणमाळच्या पठारावर आणि चाळीसगावकडे पाटणादेवीच्या आसपासच्या शेतांत त्याने पाऊस, वारा आणि थंडी असे तिन्ही प्रकार पाहिले. आमचे फिरणे पक्षी पाहण्यासाठी असते. शंभराहून अधिक वर्षे कोणालाही न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला, तेव्हापासून या भागाचे आकर्षण पक्षिमित्रांना आहेच. हा पक्षी दिवसाही हिंडतो आणि सकाळच्या वेळी चांगला दिसतो, त्यामुळे रात्र जंगलाच्या कडेलाच काढणे सोयीचे पडते. मुक्काम मात्र नेहमी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आणि शेतमालकाला विचारूनच करावा.

अशा छपरांविषयी जे सल्ले वाचायला मिळतात, त्यांपैकी बरेचसे अमेरिकेच्या डोंगराळ भागात पाठीवर अनेक दिवसांचे सामान घेऊन एल्क हरणांच्या मागावर जाणाऱ्या शिकाऱ्यांनी दिलेले असतात. त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत: बर्फ, गोठवणारी थंडी आणि छपराखाली पेटवायची पत्र्याची घडीची चूल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरत नाही, आणि चुलीची गरज आमच्या डोंगरात पौषातही भासत नाही. म्हणून ते सल्ले निवडून घ्यावे लागतात. झाडोऱ्यात मिसळणाऱ्या मातकट रंगाचा त्यांचा आग्रह मात्र पक्षी पाहणाऱ्यानेही मानावा, कारण भडक केशरी कापड माळावर फार लांबून दिसते.

खरा निर्णय कापडाचा आहे. सिलिकॉन-लेपित नायलॉन मजबूत असते, परंतु नायलॉनचा धागा पाणी शोषतो आणि ओला झाला की ताणतो. श्रावणात तोरणमाळला माझ्या मित्राचा नायलॉनचा टार्प आणि माझा पॉलिएस्टरचा शेजारी शेजारी बांधलेले होते. संध्याकाळी दोन्ही ढोलकीच्या पानासारखे ताठ होते. मध्यरात्रीपर्यंत त्याच्या टार्पच्या एका बाजूला पोट आले, त्यात ओंजळभर पाणी साचले, आणि तो बॅटरी तोंडात धरून चारही कोपऱ्यांच्या सरकत्या गाठी ओढत फिरला. माझ्या टार्पची दोरी त्या रात्री एकदाही ओढावी लागली नाही. नायलॉन निरुपयोगी आहे असे नाही, पण ज्यांना रात्री उठण्याचा कंटाळा आहे त्यांनी पॉलिएस्टर घ्यावे. डायनिमा या कृत्रिम धाग्याचे कापड पाणी शोषत नाही, ताणतही नाही आणि वजनाला सर्वांत हलके असते; परंतु त्याची किंमत पाहता आमच्यासारख्यांनी त्याचा विचार न केलेला बरा.

वजनाच्या बाबतीत विक्रेते केवळ कापडाचे वजन सांगतात. माझा टार्प साधारण साडेचारशे ग्रॅमचा आहे. दोऱ्या, खुंट्या, खाली अंथरायचे प्लास्टिक आणि तळ असलेली मच्छरदाणी धरली की हा आकडा सव्वा किलोच्या घरात जातो. बाजारात मिळणारी १२० जीएसएमची (चौरस मीटरला १२० ग्रॅम) ताडपत्री याच मापात १०८० ग्रॅम भरते, म्हणजे कापडापुरता फरक सहाशे-साडेसहाशे ग्रॅमचा. त्याहून मोठा फरक घडीचा आहे. ताडपत्री पिशवीची अर्धी जागा खाते, तर टार्प तांब्याएवढ्या पिशवीत बसतो.

मच्छरदाणी वगळून वजन वाचवण्याचा विचार खानदेशात कोणी करू नये. टार्पला तळ नसतो, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावण्याचे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत. तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. शिवाय दगडाखाली विंचू आणि माळावर फुरसे असतेच. तळ शिवलेली, चेन पूर्ण बंद होणारी मच्छरदाणी हा या छपराचा भागच समजावा. ती घ्यायची नसेल तर सरळ तंबू घेणे अधिक शहाणपणाचे.

खुंट्यांचा त्रास मला कापडापेक्षा अधिक झाला. आमची जमीन दोन टोकांची आहे. काळी माती पावसात इतकी मऊ होते की खुंटी लोण्यातून सुटावी तशी सुटते, आणि डोंगरावर मुरमाखाली लगेच काळा दगड लागतो, तिथे ॲल्युमिनियमची खुंटी दुसऱ्याच ठोक्याला वाकते. काळ्या मातीत वीतभर लांबीची काठी आडवी पुरून तिच्या मध्यावर दोरी बांधली तर ती चांगली धरते. दगडाळ जागी दोरीच्या टोकाला छोटी काटकी बांधावी, ती मोठ्या धोंड्याच्या मागे अडकवावी आणि पुढून दुसरा धोंडा टेकवावा. यासाठी दोऱ्या नेहमीपेक्षा हातभर लांब ठेवाव्या लागतात. पाटणादेवीकडे ज्यांच्या बांधावर आम्ही उतरलो होतो ते काका टार्प बोटांत चाचपून म्हणाले, "वारा उना त उडी जाई, भाऊ." रात्री वारा आला. वाऱ्याकडची कड जमिनीलगत बांधलेली असल्याने टार्प राहिला, फक्त त्याची फडफड झोपू देत नव्हती. काकांनी सकाळी चहा देताना त्याविषयी काही विचारले नाही.

आकाराविषयी माझे मत स्पष्ट आहे: चौकोनी, सपाट आणि कडांना दोरी बांधायचे भरपूर बंद असलेला टार्पच घ्यावा. वक्र कापाचे टार्प वाऱ्यात छान ताठ राहतात, पण ते बहुधा एकाच पद्धतीने बांधता येतात. सपाट टार्प पावसात दोन्हीकडे उतरता बांधता येतो, कोरड्या रात्री एकाच बाजूला उतरता ठेवून समोरचा माळ मोकळा राखता येतो.

उन्हाळ्यासाठी मात्र हा टार्प कामाचा नाही. कापड इतके पातळ आहे की ऊन आरपार झिरपते, आणि दुपारी त्याच्याखाली बसण्यापेक्षा कडुनिंबाखाली बसलेले बरे. उन्हाने धाग्याचीही झीज होते, म्हणून सकाळी दव वाळले की तो लगेच काढून ठेवतो.

घेतल्यावर मधली शिवण तपासून पाहावी. माझ्या टार्पची शिवण कारखान्यातून बंद करून आलेली नव्हती आणि पहिल्याच पावसात तिथून थेंब गळू लागले. सिलिकॉनवर साधी चिकटपट्टी टिकत नाही. हार्डवेअरच्या दुकानातले पारदर्शक सिलिकॉन थोड्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने शिवणीवर लावले आणि दिवसभर वाळू दिले, त्यानंतर गळती थांबली. शेकोटीच्या ठिणगीने पडलेली दोन टाचणीएवढी भोकेही त्याच सिलिकॉनच्या ठिपक्याने बुजली आहेत.