जिवाणूच्या ‘सुई’चं मॉडेल: बुड झकास, टोक अर्धवट

ठाणे स्टेशनजवळच्या एका थ्रीडी प्रिंटिंगच्या दुकानात साल्मोनेला या जिवाणूच्या टाइप थ्री यंत्रणेचं, म्हणजे आपली विषारी प्रोटीनं दुसऱ्या पेशीत सोडायच्या त्याच्या सुईसारख्या यंत्रणेचं, मॉडेल मिळतं. प्रमाण १ नॅनोमीटरला ५ मिलिमीटर. त्यामुळे साधारण ६० नॅनोमीटरची सुई इथे ३० सेंटिमीटरची होते आणि तिची आतली नळी जेमतेम १२ मिलिमीटरची.

बुडाचं काम झकास आहे. जिवाणूच्या आतल्या आणि बाहेरच्या पटलांत (आवरणांत) बसणारी कडी सुटी करून दाखवता येतात. सुईवरची सर्पिल रचनाही नीट उठलीय. एकाच प्रोटीनच्या शंभरावर प्रती एकीवर एक रचल्या जातात, हे बोट फिरवलं तरी कळतं.

घोळ आहे तो विषारी प्रोटीनचा. सोबत दिलेला गोळा २५ मिलिमीटरचा. तो नळीत शिरणारच कसा? खरं तर जिवाणूतही घडी घातलेलं प्रोटीन शिरत नाही. बुडाशी असलेलं एटीपेज हे ऊर्जा वापरणारं एन्झाइम त्याची घडी उलगडतं आणि मग ते दोऱ्यासारखं आत सरकतं. नेमका तोच भाग मॉडेलमध्ये नाही. गोळा फेकून द्या, लोकरीचा गुंडा घ्या आणि एक टोक नळीतून ओढून दाखवा. मुलं विसरणार नाहीत.

टोकाला यजमान पेशीचं, म्हणजे जिच्यात प्रोटीन सोडायचं तिचं, पटलही हवं होतं. त्याशिवाय डॉक्टरच्या इंजेक्शनसारखी सुई भोसकते असंच वाटतं. प्रत्यक्षात टोकातून आलेली दोन प्रोटीनं पटलात छिद्र तयार करतात.

प्लास्टिक पीएलए आहे, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलंत तर सुई वाकलीच समजा.