पेट्रा क्रोटन घरात ठेवावा का? पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

ज्यांच्या खिडकीत किंवा बाल्कनीत ऊन येतं त्यांनी क्रोटन, म्हणजे रंगीबेरंगी पानांचं हे शोभेचं झुडूप, खुशाल घ्यावं. ज्यांच्याकडे येत नाही त्यांनी नर्सरीत कितीही मोह झाला तरी हात आवरावा.

मी जूनमध्ये सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून अडीचशे रुपयांना पेट्रा ही क्रोटनची जात आणली. रुंद, चकचकीत पानं आणि पिवळ्या-केशरी शिरा. ‘इनडोअर आहे, कुठेही ठेवा, हवा शुद्ध करतो’, इति नर्सरीवाला. हवेचं म्हणाल तर या गप्पा नासाच्या १९८९ सालच्या अभ्यासावरून सुरू झाल्या. ते प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये झाले होते, आणि आपली घरं सुदैवाने हवाबंद नसतात. आणि ‘इनडोअर’? हे मूळचं मलेशिया-इंडोनेशियाकडचं आणि पॅसिफिकच्या बेटांवरचं झुडूप. आपल्याकडेही बंगल्यांच्या कुंपणाला ते भर उन्हात उभं असतं, आणि तिथेच त्याला खरा रंग चढतो.

घरी आल्या आल्या खालची पानं टपाटप गळाली. घाबरू नका, जागा बदलली की क्रोटन हे करतोच. खोड नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं की झाड शाबूत आहे. या काळात खत देणं, कुंडी बदलणं, रोज नवी जागा शोधणं, सगळं बंद ठेवायचं. रोज हलवलं तर उरलेली पानंही जातील.

आईच्या हौसेखातर पावसाळाभर झाड हॉलमध्ये सोफ्याशेजारी होतं. मेलं नाही, पण नवी पानं आली ती साधी हिरवी, शिरा तेवढ्या फिकट पिवळ्या. गणपतीनंतर पूर्वेच्या बाल्कनीत नेलं, आधी तासभर, मग सकाळचं सगळं ऊन. त्यानंतर फुटलेलं एक पान मी मुद्दाम लक्षात ठेवलं होतं. उमललं तेव्हा पोपटी, दिवाळीपर्यंत शिरा केशरी, आणि पुढे मधली शीर नि पानाची कड लालभडक. हॉलमध्ये वाढलेली पानं मात्र जवळजवळ हिरवीच राहिली. आता एकाच खोडावर खाली हिरवा आणि वर लाल असे दोन मजले दिसतात.

नर्सरीच्या पिशवीतला लाल मातीचा गोळा हा एक वेगळाच वैताग. सुकला की दगड होतो, वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. झाड स्थिरावल्यावर मी कडेची माती हलक्या हाताने मोकळी केली आणि माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत नि थोडं परलाइट (हलके पांढरे खडे) अशा मिश्रणात लावलं. पाण्याचं वेळापत्रक ठेवू नका. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तर भरपूर पाणी, नाहीतर नाही.

खरी परीक्षा थंडीत झाली. डिसेंबरात पुण्यातला रात्रीचा पारा बाराच्या खाली उतरायला लागला तसं झाड रात्री आत घेतलं, आणि कोरड्या हवेत लाल कोळी ही अगदी बारीक कीड लागली. आधी वाटतं पानांवर धूळ बसली आहे. मग जिथे देठ खोडाला मिळतो तिथे बारीक जाळं दिसतं. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावरचे ठिपके चालायला लागले की समजायचं. बाथरूममध्ये नेऊन पानांची खालची बाजू शॉवरने नीट धुवायची आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घालून फवारायचं. एकदा करून भागत नाही, अंडी उरतात. मला महिनाभर हेच करावं लागलं. पानं ओल्या फडक्याने पुसत राहिलं तर कोळी लवकर नजरेस पडतो. पानं चमकवणारा स्प्रे घेऊ नका, पैसे वाया.

लहान मूल किंवा पान कुरतडणारं मांजर घरात असेल तर मात्र विचार करा. झाड एरंडाच्या कुळातलं, जमालगोट्याच्या भाऊबंदांपैकी. पान खुडलं की चीक येतो. तो त्वचेला झोंबतो, पोटात गेला तर त्रास होतो आणि कपड्यावर पडला तर डाग जात नाही. छाटणी हातमोजे घालूनच करा.

खालून खोड उघडं पडल्यामुळे झाड आता जरा किडमिडीत दिसतं. येत्या पावसाळ्यात शेंड्याला गुटी बांधणार आहे, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फुटवणार आहे. मुळं धरली की वरचं नवं झाड आणि खालच्या खोडाला नवे फुटवे. शेजारच्या काकूंनी ते नवं झाड आत्ताच मागून ठेवलंय. त्यांची बाल्कनी पश्चिमेची, एप्रिलात दुपारी नुसती भट्टी. आधी शेडनेट लावा, मगच झाड मिळेल, असं मी त्यांना सांगितलंय.