मुलाचे वजन योग्य आहे का? काटा, तक्ता, बीएमआय आणि टेप यांची तुलना

मूल कितीही खाल्ले तरी अंगाला लागत नाही म्हणून झोप उडालेले पालक आणि मूल छान गुटगुटीत आहे म्हणून निश्चिंत असलेले पालक, हे दोघेही बहुतेक वेळा एकाच साधनावर विसंबलेले असतात आणि ते साधन म्हणजे स्वतःचे डोळे. डोळ्यांची अडचण अशी की ते नेहमी शेजारच्या मुलाशी तुलना करतात. आजूबाजूची मुले जाडजूड असतील, तर निरोगी अंगकाठीचे मूलही त्यांना हडकुळे दिसू लागते. शिवाय एक ते सहा या वयांत मूल स्वाभाविकपणेच सडपातळ होत जाते. पहिल्या वर्षी धरलेले बाळसे उतरते, हातापायांवरच्या वळ्या जातात, कधी कधी बरगड्याही दिसू लागतात. उंचीच्या मानाने शरीर सर्वांत बारीक दिसण्याचा हा काळ साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास येतो, आणि नेमक्या त्याच काळात घरोघरी मुलाला बळेच भरवणे सुरू होते. म्हणून नजरेचा अंदाज हा निर्णय न मानता, मोजमाप करून पाहण्याचे निमित्त मानावा. मोजमापाच्या पद्धती मात्र एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येक पद्धत वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते, म्हणून कोणत्या वयात कोणत्या पद्धतीवर किती भर द्यावा हे आधी समजून घ्यायला हवे.

वयानुसार वजन

ही सर्वांत सोपी पद्धत, कारण तिला केवळ वजनकाटा आणि जन्मतारीख पुरते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत ती खरोखर उपयोगीही आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते, जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतही घट होऊ शकते, आणि साधारण दोन आठवड्यांत ती भरून निघते. पुढे चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाच्या सुमारास तिप्पट वजन होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात एक वर्षाच्या मुलाचे मध्यमान (म्हणजे निम्मी मुले ज्याच्या खाली आणि निम्मी वर असतात ते) वजन 9.6 किलो आणि मुलीचे 8.9 किलो आहे. या वयात दूध पुरेसे मिळते आहे का, आजारपणानंतर बाळ सावरले का, हे काटा इतर कशाहीपेक्षा लवकर सांगतो.

एक ते सहा वर्षांच्या मुलांसाठी एक जुना ठोकताळा अनेकांच्या तोंडी असतो: वयाची दुप्पट करून त्यात आठ मिळवायचे. चार वर्षांसाठी 16 किलो येतात आणि ते मध्यमानाच्या अगदी जवळ असतात. परंतु हा ठोकताळा मधला आकडा सांगतो. त्याच्या खाली आणि वर किती अंतरापर्यंत निरोगी मुले असतात हे तो सांगत नाही. त्यामुळे 14 किलोच्या धडधाकट मुलाला "दोन किलो कमी" ठरवण्याची चूक त्यातून सहज होते.

या पद्धतीची खरी मर्यादा उंचीत आहे. समजा, दहा वर्षांचे दोन मुलगे आहेत आणि दोघांचेही वजन 34 किलो भरले. वयानुसार वजनाच्या तक्त्यावर दोघेही एकाच बिंदूवर बसतात आणि तो बिंदू मधल्या रेषेच्या जरासा वर, अगदी बिनधोक भागात असतो. आता उंची मोजली तर एक 145 सेंटीमीटरचा निघतो आणि दुसरा 128 सेंटीमीटरचा. पहिल्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती आहे हे दाखवणारा आकडा) 16.2 येतो, म्हणजे त्या वयाच्या मध्यमानाच्या (16.4) जवळ, दुसऱ्याचा 20.8 येतो, म्हणजे अतिवजनाच्या मर्यादेच्या (18.5) बराच पलीकडे. काट्याने ज्यांना जुळे ठरवले, त्यांतल्या एकाकडे लक्ष देण्याची गरज आहे आणि काट्याला ते कळलेच नाही. पौगंडावस्थेत उंची कोणाची आधी आणि कोणाची नंतर वाढेल याचा नेम नसतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार वजनाचा तक्ता दहा वर्षांपुढे दिलेलाच नाही.

उंचीनुसार वजन आणि वयानुसार बीएमआय

पाच वर्षांखालील मुलांसाठी उंचीनुसार वजन आणि त्यापुढे वयानुसार बीएमआय, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. बीएमआय काढणे अवघड नाही: किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागायचे. अवघड आहे ते आलेल्या आकड्याचा अर्थ लावणे, कारण प्रौढांचे 18.5 आणि 25 हे ठरलेले आकडे मुलांना लागू पडत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाचा बीएमआय 15.3 असणे अगदी मध्यावरचे आहे, तर प्रौढाच्या मापाने तोच आकडा गंभीर कृशता ठरेल. प्रौढांसाठी केलेल्या मोबाइल ॲपमध्ये मुलाचे वजन-उंची भरून घाबरलेल्या पालकांनी एवढे जरूर लक्षात घ्यावे. मुलाचा बीएमआय नेहमी त्याच्या वयाच्या आणि लिंगाच्या तक्त्यावरच वाचायचा असतो.

तक्तेही एकच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेली पाच वर्षांपर्यंतची मानके ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील, स्तनपानावर आणि चांगल्या परिस्थितीत वाढलेल्या सुमारे साडेआठ हजार मुलांच्या मोजमापांवर उभी आहेत. मुलांची वाढ कशी व्हायला हवी हे ती सांगतात. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेचे 2000 सालचे तक्ते त्या देशातील मुले प्रत्यक्षात कशी वाढली हे सांगतात. दोन्हींत सीमारेषाही निराळ्या आहेत. सीडीसी 85व्या पर्सेंटाइलपासून (म्हणजे त्या वयाच्या शंभरांपैकी 85 मुलांच्या वर असल्यास) अतिवजन आणि 95व्यापासून स्थूलता धरते, तर 5व्याच्या खाली वजन कमी मानते. जागतिक आरोग्य संघटना प्रमाण विचलनाच्या, म्हणजे मध्यमानापासूनचे अंतर मोजणाऱ्या एककाच्या, भाषेत बोलते: पाच वर्षांपुढे अधिक एकच्या वर अतिवजन, अधिक दोनच्या वर स्थूलता, उणे दोनच्या खाली कृशता. पाच वर्षांखाली मात्र तिची मर्यादा अधिक सैल आहे. तिथे अतिवजन अधिक दोनच्या वर आणि स्थूलता अधिक तीनच्या वर धरतात. याचा परिणाम असा की 17 बीएमआय असलेला मुलगा पाचव्या वाढदिवसाआधी केवळ "धोक्याच्या शक्यतेत" असतो आणि वाढदिवसानंतर तेच शरीर घेऊन "अतिवजन" गटात जातो. अशा वेळी मुलात काही बिघडलेले नसते, रेषा बदललेली असते. म्हणून एका मुलासाठी शक्यतो एकच तक्ता धरून ठेवावा आणि दोन तक्त्यांवरचे निष्कर्ष एकमेकांत मिसळू नयेत.

पर्सेंटाइलविषयीचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण त्यापायी पालकांना होणारा मनस्ताप पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेतील गुण नव्हेत. मूल 25व्या पर्सेंटाइलवर आहे याचा अर्थ त्या वयाच्या शंभर मुलांत सुमारे पंचवीस त्याच्याहून हलकी आहेत, एवढाच. पन्नासावर पोहोचवण्यासाठी त्याला जास्त भरवण्याचे काहीही कारण नाही.

बीएमआयचे दोष दोन आहेत. चरबी आणि स्नायू यांतला फरक त्याला कळत नाही, त्यामुळे नियमित व्यायाम करणारे दणकट मूल कधी कधी विनाकारण अतिवजनाच्या रकान्यात जाते. दुसरा दोष आपल्या हातचा आहे: उंची चुकीची मोजली जाते आणि सूत्रात उंचीचा वर्ग असल्याने ती चूक वाढते. पाच वर्षांचे, 18 किलोचे आणि 108 सेंटीमीटरचे मूल घ्या. त्याचा बीएमआय 15.4 आहे. गुडघे किंचित वाकलेले आणि मान खाली असताना तीच उंची 105 भरली, तर बीएमआय 16.3 होतो आणि मध्यमानाजवळचे मूल अतिवजनाच्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहते. हे टाळण्यासाठी चपला-बूट, केसांची क्लिप काढून मुलाला सरळ भिंतीशी उभे करावे. टाचा, नितंब आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकलेला आणि नजर समोर असावी. डोक्यावर एखादे जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात दाबून धरावे, खालच्या कडेशी पेन्सिलने खूण करावी आणि हे दोनदा करून पाहावे. दोन वर्षांखालील बाळाची लांबी झोपवून मोजतात, आणि ती उभ्या उंचीपेक्षा सुमारे 0.7 सेंटीमीटर जास्त भरते.

टेपने होणारी मोजमापे

दंडघेराची पट्टी हे सहा महिने ते पाच वर्षे या वयातील तीव्र कुपोषण पटकन हुडकण्याचे साधन आहे. घेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र आणि 11.5 ते 12.5 च्या दरम्यान असेल तर मध्यम कुपोषण समजतात. जास्त वजनाविषयी ती काहीच सांगत नाही. मोठ्या मुलांसाठी कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, आणि पोटाभोवतीची चरबी दाखवण्यात तो बीएमआयची उणीव भरून काढतो. वर उल्लेखलेल्या दणकट मुलाच्या बाबतीत या टेपने शंकेचा उलगडा बऱ्यापैकी होतो. मुख्य मोजमाप म्हणून मी तिची शिफारस करणार नाही. शंका आली की वापरण्यासाठी ती चांगली.

एक बिंदू की रेषा

कोणतीही पद्धत निवडली तरी एकदाच घेतलेले माप आणि वर्षानुवर्षे घेतलेली मापे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या रेषेला धरून वर्षे काढणारे 10व्या पर्सेंटाइलवरचे मूल बहुधा निरोगीच असते आणि अनेकदा आईवडिलांची अंगकाठीही तशीच असते. याउलट 75व्यावरून वर्षभरात 25व्यावर घसरलेले मूल अजून "सामान्य" पट्ट्यात दिसत असले तरी त्याला डॉक्टरांकडे न्यायला हवे. पहिल्या दोन वर्षांत बाळ आपला मार्ग शोधत असताना एखादी रेषा ओलांडणे स्वाभाविक आहे. त्यानंतर मात्र तक्त्यावर आखलेल्या दोन मुख्य पर्सेंटाइल रेषा ओलांडल्या गेल्या, वर किंवा खाली, तर वाट पाहू नये.

वजनाची आणि उंचीची रेषा शेजारी ठेवून पाहिली तर ती आणखी बरेच सांगते. आहार कमी पडत असेल तर आधी वजन मंदावते आणि उंची नंतर. जास्त खाण्यामुळे वजन वाढलेली मुले सहसा वयाच्या मानाने उंचही असतात. परंतु वजन वाढते आहे आणि उंची मात्र थबकली आहे, असे चित्र दिसले तर संप्रेरकांचा बिघाड, उदाहरणार्थ थायरॉइडची कमतरता, तपासून घ्यावी लागते. अशा मुलाला "कमी खा" म्हणत राहणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

कोणासाठी काय

तान्ह्या बाळासाठी वयानुसार वजन आणि त्याची रेषा पुरेशी आहे; 37 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय मात्र दोन वर्षांपर्यंत अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे. एक ते पाच वर्षांत उंचीनुसार वजन पाहावे आणि मूल फारच अशक्त वाटल्यास दंडघेर. पाच वर्षांपुढे वर्षातून दोनदा बीएमआय पुरतो. त्याहून वारंवार काट्यावर उभे केल्याने नवे काही कळत नाही आणि मुलाच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी लाज तेवढी घर करते. वयात येण्याच्या काळात, म्हणजे मुलींत साधारण 8 ते 13 आणि मुलग्यांत 9 ते 14 या वयांत सुरू होणाऱ्या बदलांच्या वेळी, एका मापावरून काहीही ठरवू नये. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी स्वतंत्र तक्ते आहेत.

काही प्रसंगी मात्र तक्ता उघडत बसू नये. दोन्ही पावलांवर सूज असून बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर काट्यावरचे वजन कितीही बरे दिसले तरी ते पाण्याचे असू शकते आणि मुलाला लगेच दवाखान्यात न्यावे. मूल पोटभर खात असूनही थोड्याच आठवड्यांत वाळत चालले असेल, त्याला सारखी तहान लागत असेल, पुन्हा पुन्हा लघवीला जावे लागत असेल किंवा बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल, तर तो मधुमेह असू शकतो. त्याची रक्तशर्करा त्याच दिवशी तपासून घ्यावी.