ओळीने खर्च आले की आधी कशाला हात लावायचा?

मागच्या जुलैत गाडीचं इंजिन बसलं. ऑगस्टमध्ये फ्रिज गेला. गणपतीच्या आदल्या आठवड्यात सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या दवाखान्यातून घरी आल्या त्याच महिन्यात ह्यांचा पगार थकला, तो पुढे दोन महिने. शेजारच्या काकू काळजीनेच म्हणाल्या, "साडेसाती आहे का बघून घ्या गं एकदा." आम्ही शनिवारी मारुतीला तेल वाहून आलो. मनाला बरं वाटलं. पण त्या काळात कर्ज काढून मोठी शांत घालावी असं सुचवणारेही भेटले. तुम्हालाही भेटतील. श्रद्धा ठेवा, पण उसन्या पैशांनी शांत घालू नका, एवढं मी कळकळीने सांगते.

आता मुद्द्याचं. पैसा कुठून उभा करायचा हे ठरवताना आपण सगळे आधी व्याजाचा दर विचारतो. मीही तेच केलं आणि तिथेच चुकले. खर्च एकदाच येऊन जाणार असेल तर दर बघून ठरवलेलं चालतं. दुष्काळात तेरावा महिना लागलेला असेल तर आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात. पुढच्या महिन्यात एक रुपयाही भरता आला नाही तर काय होईल? आणि परत गरज लागली तर त्याच दारात पुन्हा जाता येईल का? मी खाली जी तुलना केली आहे ती या दोन प्रश्नांवर. हिशेबाला सोपं म्हणून सगळीकडे एक लाख रुपयांची नड धरली आहे.

आधी बिलाचं बघा

खर्च दवाखान्याचा असेल तर कर्जाआधी दोन चौकश्या पहिल्याच दिवशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता महाराष्ट्रात सगळ्याच रेशनकार्डांना लागू आहे, पांढऱ्यालासुद्धा, आणि तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये आहे. अट अशी की दवाखाना योजनेत असायला हवा आणि उपचार त्यांच्या यादीत. योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला दाखल करतानाच गाठा. बिल झाल्यावर गेलात तर हळहळण्यापलीकडे हाती काही लागत नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी चौकशी केली, तेव्हा आमचा दवाखाना योजनेतच नाही हे कळलं.

दुसरी चौकशी धर्मादाय रुग्णालयाची. ट्रस्टची जी रुग्णालयं धर्मादाय योजनेत येतात त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला लागतो. तो घरात तयार असेल तर लाखभराचा फरक पडू शकतो. गोव्यात असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का बघा.

आणि जो खर्च थांबू शकतो त्याला खुशाल थांबवा. फ्रिज आम्ही तीन महिने दुरुस्तच केला नाही. दूध दोन वेळा आणायचं, भाजी रोजची रोज. त्रास झाला, पण नऊ हजार वाचले ते औषधांना कामाला आले.

पर्सनल लोन आणि सोनेतारण

आम्ही आधी पर्सनल लोन घेतलं. कारण साधं: मोबाइलवर दोन तासांत मंजूर झालं, आणि सोनं गहाण टाकायची लाज वाटली. एक लाख, १४ टक्के, २४ महिने. हप्ता ४,८०१ रुपये. दोन वर्षांत साधारण १५ हजार व्याज जातं. तेवढंच बघितलं तर काही भयंकर नाही.

पण हप्ता पाच तारखेला म्हणजे पाच तारखेलाच. पगार थकला त्या महिन्यात खात्यात अकराशे रुपये होते. हप्ता परत गेला, दंड ५०० आणि त्यावर जीएसटी मिळून ५९० रुपये लागले. खातं ज्या बँकेत होतं तिनेही वेगळे पैसे कापले. शिवाय सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडला, म्हणजे पुढच्या कर्जाचं दार अर्धं बंद.

मग पाटल्या निघाल्या. खरं तर त्या आधीच निघाल्या होत्या. ऑपरेशनच्या आदल्या रात्री नर्सने सांगितलं की अंगावर धातूचं काही चालणार नाही. सासूबाईंच्या पाटल्या लग्नापासून हातातून उतरल्या नव्हत्या. साबणाचं पाणी लावून, हात दाबून दाबून मी त्या काढल्या आणि रुमालात बांधून ठेवल्या. पगार थकल्यावर त्यांनीच विषय काढला, "त्या कपाटात काय करतायत?"

बँकेत सराफ बसलेला असतो. त्याने कसोटीवर रेघ ओढली, आम्लाचा थेंब टाकला, मग काट्यावर ठेवल्या. घरात कायम 'साडेतीन तोळ्यांच्या पाटल्या' म्हणायचे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे ४०.८ ग्रॅम व्हायला हवं होतं. भरल्या ३९.२. दीड ग्रॅम सोनं चाळीस-पंचेचाळीस वर्षांत धुणीभांडी करताना झिजून गेलं. घडणावळ धरत नाहीत, खडे आणि काळे मणी वजनातून वजा होतात. म्हणून गहाण टाकायचं असेल तर मंगळसूत्रापेक्षा भरीव पाटल्या, वेढणी बऱ्या पडतात.

किती मिळतं? रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये नियम बदलले. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कर्जांत अडीच लाखांपर्यंत सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांत ८० आणि त्यावर ७५ टक्के, ही कमाल मर्यादा. शेवटी एकरकमी फेडायचं कर्ज असेल तर मुद्दलात वर्षाचं व्याज धरून ही मर्यादा मोजतात, म्हणून हातात थोडं कमी येतं. अशा कर्जाची मुदत जास्तीत जास्त १२ महिने.

बँकेत दर ९-१० टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे लाखाला महिना साडेसातशे ते साडेआठशे. बाहेर काही ठिकाणी 'फक्त दोन टक्के' सांगतात ते महिन्याचे असतात, वर्षाचे चोवीस होतात. विचारताना 'वर्षाला किती' असंच विचारा.

आमच्यासाठी खरा फरक दराचा नव्हताच. एकरकमी फेडीच्या कर्जात दरमहा हप्ता नसतो. ऑक्टोबरात काही भरलं नाही, नोव्हेंबरात पाच हजार भरले, डिसेंबरात तेरा. कुणाचा फोन आला नाही. आणि मिळत होतं त्याच्या निम्म्याहून कमीच उचललं होतं, त्यामुळे पुन्हा अडलो असतो तर त्याच पाटल्यांवर आणखी रक्कम मिळाली असती. ओळीने खर्च येत असताना ही ढील फार मोलाची.

धोका आहेच. वर्षभरात फेडलं नाही आणि नूतनीकरणासाठी निदान व्याजही भरलं नाही तर लिलाव होतो. नव्या नियमांत लिलावाची राखीव (किमान) किंमत चालू मूल्याच्या ९० टक्क्यांखाली ठेवता येत नाही (दोनदा लिलाव फसला तर ८५), आणि कर्ज वळतं करून उरलेले पैसे सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यावे लागतात. पण सासूबाईंच्या पाटल्या जाऊन वर पैसे आले तर त्याचं काय सुख? म्हणून मुदत संपायची तारीख दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहा. पूर्ण फेडल्यावर सोनं त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवं. उशीर त्यांच्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे.

आमच्या पाटल्या मार्चमध्ये सुटल्या. घरी आणल्या तेव्हा सासूबाईंनी हात पुढे केला. या वेळी साबण लागला नाही, हात इतका वाळला होता.

एफडी: मोडायची की तिच्यावर कर्ज काढायचं?

आपल्याकडे एफडी मोडणं म्हणजे काहीतरी अशुभ, अशी भावना असते. लोक १४ टक्क्यांनी कर्ज काढतील पण साडेसहा टक्क्यांची एफडी मोडणार नाहीत. हे सोडून द्या.

एफडीवर साधारण ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, दर एफडीपेक्षा बहुतेक एक टक्का जास्त. एफडीचं व्याज चालूच राहतं, म्हणून लाखाला वर्षाचा खरा भुर्दंड हजाराच्या आसपास. मोडली तर पैसे जितके दिवस ठेवले त्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातून अर्धा ते एक टक्का कापतात. माझा हिशेब असा: मुदत संपायला पाच-सहा महिने असतील आणि पैसे परत येणार हे दिसत असेल तर कर्ज काढा. एफडी नवी असेल, किंवा पैसे कधी परत भरू हे सांगता येत नसेल, तर मोडा. सगळी रक्कम एका पावतीत असेल तर वीस हजारांसाठी दोन लाखांची मोडावी लागते. म्हणून पुढच्या वेळी पावत्या लहान करा.

पैसे पतसंस्थेत असतील तर एवढं ध्यानात ठेवा की बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत जो विमा असतो तो पतसंस्थेला नाही. मोडायचीच झाली तर आधी ती मोडा.

सोनं की एफडी, दोन्ही असेल तर? मी आधी एफडीला हात लावेन. स्वस्त पडते आणि तिच्यात कुणाचा जीव अडकलेला नसतो.

पीएफ

आजारपणासाठी पीएफमधून काढलेले पैसे परत भरावे लागत नाहीत, व्याज नाही, हप्ता नाही. आमच्या पहिल्या प्रश्नाला याच्याइतकं चांगलं उत्तर दुसरं नाही. मग मी त्याला खाली का ठेवते? कारण ८.२५ टक्क्यांनी तेच एक लाख वीस वर्षांत ४ लाख ८८ हजारांच्या आसपास जातात, आणि तेव्हा आपण कमावत नसतो. पन्नाशीच्या आत असाल तर एफडी आणि सोन्यानंतरच तिकडे वळा. निवृत्ती चार वर्षांवर असेल तर मात्र हप्त्याच्या कर्जापेक्षा पीएफ कधीही बरा.

आधार, पॅन आणि पीएफ खात्यातलं नाव एकसारखं नसेल तर अर्ज अडकतो. ह्यांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त होईपर्यंत पाच आठवडे गेले. हे काम आजच करून ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढायच्या तेरा तरतुदी एकत्र करायचं आणि २५ टक्के रक्कम खात्यात राखायचं ठरवलं आहे, तेव्हा अर्ज करताना चालू नियम बघून घ्या.

माणसांकडून घ्यायचे तर

हातउसने आणि भिशी यांत मी भिशीला झुकतं माप देते. बारा जणींची पाच हजारांची भिशी असेल आणि अडचण सांगितली तर बहुतेक गट त्या महिन्याचा नंबर आपल्याला देतो. साठ हजार येतात, व्याज नाही. पुढे दरमहा पाच हजार मात्र काहीही झालं तरी द्यावेच लागतात, त्यात आपल्या अब्रूचा प्रश्न असतो. लिलावाची भिशी असेल तर अडलेला माणूसच सगळ्यात कमी रकमेला तयार होतो, तिथे जाऊ नका.

हातउसने घेताना तारीख सांगा आणि त्या तारखेला पूर्ण जमले नाहीत तर निम्मे तरी नेऊन द्या. मामेसासऱ्यांनी वीस हजार दिले. आम्ही ते चार वेळा पाच-पाच करून दिले, प्रत्येक वेळी घरी जाऊन. पतपेढीचं कर्ज मी टाळलं, कारण दोन जामीनदार लागत होते आणि आपली ओढाताण आणखी दोन घरांत न्यायची माझी तयारी नव्हती.

इथे जाऊ नका

क्रेडिट कार्डावर 'किमान रक्कम' भरत राहणं. महिना साडेतीन टक्के दराने लाखावर ३,५०० व्याज, वर १८ टक्के जीएसटी, असे ४,१३० रुपये. किमान ५,००० भरलेत तरी मुद्दल ८७० रुपयांनीच उतरतं.

मोबाइलवर झटपट कर्ज देणारी अनोळखी ॲप्स. फोनमधले सगळे नंबर आणि फोटो मागितले की तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नियमातल्या ॲप्सची यादी आहे, तीत नाव बघा.

विनापरवाना सावकार. महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानुसार परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. महिना पाच-दहा टक्क्यांच्या जाळ्यात आधीच सापडला असाल तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आज हप्ता चालू असेल तर

हे वाचणाऱ्यांत काहींचं पर्सनल लोन आधीच चालू असेल आणि पुढचा हप्ता दिसत नसेल. सोनं किंवा एफडी असेल तर तिच्यावर उचलून ते कर्ज बंद केलं तर काय पडतं, हे बँकेकडून लेखी घ्या. मुदतीआधी फेडण्याचा आकार त्यात धरायला विसरू नका. आम्ही शेवटी तेच केलं. आणि त्याआधी, तारखेच्या चार-पाच दिवस आधी शाखेत जाऊन अडचण लेखी द्या. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, विचारा. आम्ही गेलो तो सहा तारखेला. साहेब नीट बोलले, पण म्हणाले, "ताई, दोन दिवस आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं."