नवे म्हणून घेतलेले टायर २०१९ चे निघाले: कॅराव्हॅनवाल्यांनो, आधी मागची चाकं बघा

५६,७०० रुपये. एवढे मोजून आम्ही आमच्या भाड्याने देण्याच्या कॅराव्हॅनला, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीला, सहा टायर टाकले, त्यातले चार जुने निघाले. जुने म्हणजे वापरलेले नव्हेत. गोडाऊनमध्ये पडून पडून म्हातारे झालेले. फसवणूक फार साधी आहे आणि टायरमधलं कळणाऱ्यालाही सहज गंडवते, म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहितोय.

हिशोब आधी देतो. सहा टायर, ८,२०० प्रमाणे ४९,२००. ट्यूब ९५० प्रमाणे ५,७००, फ्लॅप (ट्यूब आणि चाकाची लोखंडी डिस्क यांच्यामधली रबरी पट्टी) ३५० प्रमाणे २,१००. फिटिंग-बॅलन्सिंग १,२००, अलाइनमेंट ९००. जुन्या सहा टायरांचे प्रत्येकी ४०० वजा केले, म्हणजे २,४००. तारीख १४ नोव्हेंबर २०२५. २०,००० यूपीआयने दिले, बाकी ३६,७०० रोख, कारण "मशीन डाउन आहे". हो, माहितीये. हसा.

आता भावाचं बघा. याच मापाचा, याच कंपनीचा टायर सप्टेंबरच्या सुरुवातीला १०,४०० सांगितला होता. २२ सप्टेंबरपासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दुकानदार म्हणाला, "साहेब, जीएसटी उतरला, त्याचाच फायदा देतोय." इथेच कान टवकारायला हवे होते. १२८ रुपयांची वस्तू ११८ ला मिळणार, म्हणजे पावणेआठ टक्के उतार. १०,४०० चे फार तर ९,६०० व्हायला हवेत. ८,२०० म्हणजे एकवीस टक्के! उरलेले तेरा टक्के तो काय खिशातून घालणार होता? पाचवीतल्या पोराला जमेल असा हिशोब. फोनमध्ये कॅल्क्युलेटर होता, हातात चहाचा कप होता, आणि आम्ही कप निवडला.

दुसरी खूण तर डोळ्यांसमोर होती. पुढच्या दोन टायरांवर बटणांवरून, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून, गेलेल्या रंगीत रेघा होत्या, बाजूला पिवळा ठिपका होता. मागच्या चारांवर यातलं काहीच नाही, उलट काळंभोर ओलसर पॉलिश. नव्या टायरला पॉलिश कशाला लागतं? हा प्रश्न मनात आला होता, खोटं बोलत नाही. पण तेवढ्यात त्याने पुढच्या टायरवरची तारीख स्वतःहून मोबाइलच्या उजेडात दाखवली: ३४२५, म्हणजे २०२५ चा चौतिसावा आठवडा. एवढा उघडा व्यवहार करणारा माणूस चोर कसा असेल! दोन खरे दाखवायचे आणि चार खोटे खपवायचे, ही त्याची रीत होती.

तारीख लपते कशी ते नीट समजून घ्या. टायरवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारा कोड असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. पुष्कळ टायरांवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात, दुसऱ्या बाजूचा कोड अर्धवट असतो. मागे डबल टायर असले की बाहेरच्या टायरची तारखेची बाजू आत वळवायची आणि आतल्या टायरची कशीही बसवायची. दोन टायरांच्या फटीत डोकं घालून कोण वाचणार? मोटारीच्या चार चाकांत ही लबाडी अवघड आहे. आमच्यासारख्या मागे चार चाकं असलेल्या गाड्यांवर ती पोटभर चालते.

उघडकीला आलं २ जानेवारीला, कणकवलीजवळ. मागचं डावं आतलं चाक बसलं. पंक्चरवाल्याने टायर उतरवला, ट्यूब बाहेर ओढली आणि म्हणाला, "नवो खंयचो? ट्यूबीक तीन ठिगळां मारलेली आसत." ९५० रुपयांची नवी ट्यूब! मग टायरची आतली बाजू पाहिली. १११९, म्हणजे मार्च २०१९. बाकीची तिन्ही चाकं तिथेच खोलायला लावली. एक आणखी १११९, एक ०५२०, आणि एक ४६१८. हा शेवटचा आम्ही बसवला त्याच आठवड्यात सात वर्षांचा झाला. वाढदिवस आमच्या खर्चाने. चारही ट्यूब जुन्या होत्या.

"बटणं तर पूर्ण आहेत, मग काय बिघडलं?" हे आम्हाला तीन ठिकाणी ऐकवलं गेलं, म्हणून सविस्तर सांगतो. एसटीचा किंवा ट्रकचा टायर झिजून संपतो. कॅराव्हॅनचा टायर झिजत नाही, वयाने मरतो. गाडी वर्षाला जेमतेम आठ-दहा हजार किलोमीटर चालते, पावसाळाभर उभी असते, आणि उभी असतानाही पलंग, ओटा, बॅटऱ्या, एसी, सिलिंडर, पाण्याची टाकी यांचं ओझं अंगावर असतंच. टायरच्या रबरात मेणासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं. चाक फिरताना रबर दबतं-सुटतं, तसं ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवतं. चाक फिरलंच नाही तर रबर कोरडं पडतं, बाजूंना केसासारख्या भेगा येतात. आत थर एकमेकांना सोडू लागतात, ते तर बाहेरून दिसतही नाही. मग समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर, भर उन्हात, तासाभराच्या सलग वेगात तो थर उलगडतो. आतला टायर फुटला की सगळा भार बाहेरच्यावर जातो, आणि तोही त्याच वयाचा असेल तर फार काळ टिकत नाही. पाच वर्षं झाली की दरवर्षी चाक उतरवून आतून-बाहेरून तपासणी करा. सहा-सात वर्षांत बदला. दहाच्या पुढे बटणं कितीही असोत, टायर भंगारच. आम्ही पैसे भरले ते पुढच्या सहा वर्षांचे. ती सहा वर्षं गोडाऊनमध्ये आधीच सरली होती.

टायरवरचे रबरी केस बघून "नवा आहे" म्हणू नका. गोडाऊनमधल्या म्हाताऱ्यालाही केस असतातच. नखाने पॉलिश खरवडा आणि बाजू अंगठ्याने वाकवून भेगा बघा. खाचा पाडून विकलेला टायर ओळखायचा तर खाचेच्या तळाशी बोट फिरवा. साच्यातली खाच गुळगुळीत असते, तापल्या पात्याने कापलेली खरखरीत आणि कमी-जास्त खोल असते. झिजेची खूण असलेल्या छोट्या आडव्या पट्ट्या कापलेल्या दिसल्या तर दुकानातून बाहेर पडा.

माप वाचताना ७.०० आर १५ आणि ७.००-१५ यांतला फरक बघा. "आर" असेल तर रेडियल. नुसती आडवी रेघ असेल तर नायलॉन. बांधणीचे हे दोन वेगळे प्रकार. एका अ‍ॅक्सलवर दोन्ही मिसळायचे नाहीत, आणि रेडियलला ट्यूबही रेडियलचीच लागते. टायर नवा तर ट्यूब आणि फ्लॅपही नवे. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरात तिला घडी पडते, घडीवर घासते आणि तिथेच फाटते. आमच्या बाबतीत हेच झालं. ट्यूब पाकीटबंद दाखवायला सांगा आणि पाकीट तुम्ही फोडा.

भार. टायरवर ११२/११० असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा डबलचा. ११२ म्हणजे १,१२० किलो, ११० म्हणजे १,०६०. म्हणजे डबलमध्ये प्रत्येक टायर थोडं कमीच ओझं घेतो. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर "चालतो हो" म्हणून गळ्यात मारतात, तो चालत नाही. पाण्याची टाकी भरून, सामान चढवून गाडी वजनकाट्यावर न्या. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोला, काटेवाला तयार असेल तर डावी-उजवी बाजूही. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, आणि ओटा, टाकी, सिलिंडर बहुतेक गाड्यांत एकाच अंगाला असतात. हवा किती ठेवायची ते या वजनावरून आणि कंपनीच्या तक्त्यावरून ठरवा. टायरवाल्याच्या "साठ मारून देतो"वरून नाही. हवा थंड टायरवरच मोजायची. चालून तापल्यावर दाब वाढतो, तो वाढू द्या, हवा सोडू नका.

डबल टायरांत दोघांचा व्यास सारखा हवा, फरक सहा मिलिमीटरच्या आतच. मोठा असतो तो सगळं ओझं उचलतो आणि तापतो, छोटा रस्त्यावर घासत जातो. नवा आणि अर्धा झिजलेला जोडीला लावू नका. "थोडा रुंद टाका, रुबाब येतो" या सल्ल्यालाही भुलू नका. दोन टायर खाली फुगून एकमेकांना घासले की संपलं. आतल्याची हवा काठी आपटून कळत नाही. त्याच्या व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन बसवा आणि गेजने मोजा. दाब वीस टक्क्यांहून जास्त उतरलेला दिसला तर नुसती हवा भरून पुढे जायचं नाही, टायर उतरवून आतून बघायचा. नट हँडबुकातल्या आकड्यानेच टॉर्क रेंचवर (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यावर) आवळायचे आणि ऐंशी-शंभर किलोमीटरवर पुन्हा तपासायचे. आमच्या दुकानदाराने नटांवर हवेची गन मारली आणि म्हणाला, "झालं!"

आता तक्रारीचा तमाशा. दुकानदार म्हणाला, "तुम्ही बघून घेतलेत." बिल होतं, पण त्यावर फक्त "टायर ६ नग, ट्यूब ६ नग". सीरियल नंबर नाही. "हे आमच्याच दुकानातले कशावरून?" टायर कंपनीला फोटो पाठवले, नऊ दिवसांनी उत्तर आलं: हा विक्रेता आमचा अधिकृत नाही, आणि हमी उत्पादनाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणजे विकत घेतला त्या दिवशीच हमी संपलेली! पोलिस चौकीत पावणेदोन तास बसवून सांगितलं, "हा दिवाणी मामला आहे." एका सरकारी कार्यालयात विचारणा झाली, टायर चोरीचे आहेत का? नाहीत. मग बनावट आहेत का? नाहीत. मग तक्रार काय? दुसरीकडे सांगितलं, आम्ही बटणांची खोली बघतो, वय बघत नाही. तिसरीकडे ऑनलाइन तक्रार घेतली आणि अठराव्या दिवशी "निराकरण झाले" म्हणून बंद केली, कारण दुकानदाराने लिहून दिलं की ग्राहक समाधानी आहे. आम्हाला एक फोन नाही! शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "गाडी भाड्याने देता ना? मग तुम्ही ग्राहकच नाही." ज्या व्यवसायावर आमचं पोट आहे त्यात फसवलं की आम्ही ग्राहक नाही, आणि जीएसटी घेताना मात्र आम्ही ग्राहक!

बाईंचं म्हणणं पूर्ण खरं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची खरेदी वगळली आहे, पण स्वयंरोजगारातून फक्त उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर घरून दाखल होते. आमची दाखल आहे, आणि सगळं अडलंय ते बिलावर सीरियल नंबर नाहीत यावर.

तेव्हा बिलावर सहाही टायरांचे पूर्ण कोड लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. डिस्कवर चढवण्याआधी प्रत्येक टायरवर खडूने आकडा टाका आणि आकडा व तारीख एकाच फोटोत घ्या. वर्षाच्या आतला असेल तर घ्या, त्याहून जुना परत. बिलावरचा एचएसएन, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आकडा, बघा: ४०११ म्हणजे नवा, ४०१२ म्हणजे रिट्रेड (जुन्यावर नवी बटणं चढवलेला) किंवा वापरलेला. आयएसआय खुणेजवळ आयएस १५६३६ दिसायला हवं. पैसे दुकानाच्या खात्यावरच द्या. आणि चहा नंतर प्या.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टायरांवर झाकण घाला, दर काही आठवड्यांनी थोडी पुढे-मागे करा, पेट्रोलियमवालं चमक-पॉलिश लावू नका. तळ सपाट करायला फळी घालाल तर टायरचा पूर्ण ठसा फळीवर बसला पाहिजे, आणि मागे दोन्ही टायर. अर्धा टायर अधांतरी लोंबत ठेवला तर आतल्या तारा मोडतात.

मागच्या चारांसाठी पुन्हा ४४,४०० गेले: टायर ३८,४००, ट्यूब-फ्लॅप ५,२००, फिटिंग ८००. या वेळी कोड आम्ही सांगितले, त्याने लिहिले.

ते चार म्हातारे पुरावा म्हणून शेडमध्ये साखळीने बांधलेत. परवा भंगारवाला आला होता. टायर फिरवून बघितले, बटणांवर हात फिरवला आणि म्हणाला, बाराशेला एक देता का, पॉलिश मारून जातील. तेव्हा लक्षात आलं, की आमचे जुने सहा टायर त्या दुकानदाराने प्रत्येकी ४०० ला घेतले होते आणि आम्ही एकाचीही बाजू कापून दिली नव्हती.