काजवे, बेडूक की फुलं? पावसाकडे बघून ठरवा

सह्याद्रीत निसर्ग पाहायला एकच शनिवार-रविवार हाताशी असेल, तर मेअखेर ते सप्टेंबर या काळात तीन नावं हमखास पुढे येतात: भंडारदऱ्याचे काजवे, आंबोलीचे बेडूक आणि कासची फुलं. निवडताना बहुतेक जण अंतर आणि मुक्कामाची सोय बघतात. आधी बघायला हवा तो पाऊस. काजवे तो येण्याआधी दिसतात, बेडूक तो कोसळत असताना आणि फुलं त्याने उघडीप दिल्यावर. दोन महिने आधी तारीख पक्की केली तर तिन्ही ठिकाणी फसगत होऊ शकते, पण जोखीम सारखी नाही.

सगळ्यात बेभरवशाचे काजवे. मेचा शेवटचा आठवडा ते पहिला दमदार पाऊस एवढाच त्यांचा हंगाम. वळवाच्या सरींनी हवेत ओल आली की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं लखलखायला लागतात. मोसमी पाऊस जोरात सुरू झाला की चारदोन दिवसांत सगळं विरळ होतं. अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा, अंधार पडायच्या आत जागेवर पोहोचा आणि गाडीचे दिवे बंद ठेवा. काजव्याचा नर चमकून इशारा देतो आणि मादी त्याला प्रकाशानेच उत्तर देते. हेडलाइट किंवा फ्लॅश पडला की हा संवाद तुटतो. मोबाइल हातात धरून काढलेल्या फोटोत काहीच येत नाही. ट्रायपॉडवर 15 ते 30 सेकंदांचं एक्सपोजर लागतं. जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या शनिवारी भंडारदऱ्याच्या अभयारण्यात गाड्यांची रांग लागते, तेव्हा जमत असेल तर मधल्या वारी जा.

आंबोलीचं उलट आहे. इथे वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कधीही गेलात आणि पाऊस चालू असला, तर सहसा रिकाम्या हाताने परतावं लागत नाही. म्हणून सुट्टीची तारीख बदलता येत नसेल, तर आमचं मत सरळ आंबोलीला. पाहण्यासारखं बरंचसं रात्रीच दिसतं. पाण्यावर झुकलेल्या पानांवर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला, की ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. मादी स्राव मागच्या पायांनी घुसळून फेस करते आणि अंडी त्यात ठेवते. पिल्लं तयार झाली की खालच्या पाण्यात टपटप पडतात. घरट्याखाली डबकं असतंच, तेव्हा पाय कुठे पडतो ते बघा. आंबोली टोड मात्र पहिल्याच सरींच्या सुमाराला, उघड्या जांभ्या सड्यांवर, म्हणजे कातळपठारांवर. हा बेडूक अतिसंकटग्रस्त आहे आणि दिवसा दगडांखाली दडलेला असतो, म्हणून दगड उलटवून शोधाशोध करू नका.

चापडा हा विषारी साप रस्त्याकडेच्या झुडपात, पुष्कळदा गुडघा ते खांद्याच्या उंचीवर, तासन् तास एका जागी बसून राहतो. हिरवा, पिवळा, तपकिरी अशा कुठल्याही रंगात असतो. तोल गेला म्हणून फांदी धरायची सवय इथे सोडावी लागते. गमबूट, हेडलॅम्प, शिवाय हातात एक विजेरी आणि सोबत स्थानिक जाणकार एवढं हवंच. बेडकाला हात लावू नका: त्याची त्वचा बाहेरचं शोषून घेते आणि आपल्या हातावर डासांचं मलम असतं. कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढला की लेन्सवर बाष्प धरतं आणि पहिला अर्धा तास वाया जातो. तो आधीच व्हरांड्यात ठेवा. रात्री गाडी अगदी हळू चालवा, कारण बेडूक रस्त्यावरच बसलेले असतात.

कास दिवसाचं आणि तिघांत चालायला सर्वांत सोपं. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी असतील तर हेच. पण सप्टेंबर आला म्हणजे पठार फुललं, असं नसतं. ऑगस्टमध्ये चवर आणि गेंदाचा पांढरा रंग, सप्टेंबरच्या मध्याला तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा आणि सोनकीचा पिवळा. सलग पाऊस लागला तर बहर लांबतो, आणि धुकं उतरलं तर दहा पावलांवरचा ताटवाही दिसत नाही. चारपाच दिवस ऊन-पाऊस आलटून पालटून चालला की निघा. जागतिक वारसा यादीत 2012 साली आलेल्या या पठारावर रोजच्या पर्यटकसंख्येला मर्यादा आहे. आधी ऑनलाइन नोंदणी करा.

नुसता गालिचा बघून परतू नका. वाटेच्या कडेला, खडकाच्या ओलसर भागात उकिडवे बसा. जांभ्यावरच्या बोटभर मातीत नत्र फारच कमी, म्हणून दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती चिकट केसांनी कीटक धरते आणि सीतेच्या आसवांच्या मुळाशी असलेल्या बारीक पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव क्षणार्धात आत ओढतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग सोबत असलं तर दवबिंदूच्या केसावर अडकलेलं चिलटही स्पष्ट दिसतं. फोटोसाठी ताटव्यात शिरू नका. पायाखाली ती बोटभर माती दाबली गेली, की पाणी मुरत नाही आणि पुढच्या वर्षी तिथे रोप धरत नाही.

कासला निघण्याच्या दिवशी मुसळधार पाऊस असेल तर फेरी आठवडाभर पुढे ढकला. आंबोलीला निघताना तोच पाऊस असेल, तर घाटरस्ता सुरू आहे एवढी खात्री करून खुशाल निघा.